मागून मारलेली हाक

बहात्तरच्या दुष्काळात औशाच्या स्टँडवर बाप मला एस्टीत बसवायला आला होता. गाडी हलली तसा तो मागून वरडला, "शिवलिंगा, पोचलास की आवाज दे रं!" इंजिनाच्या घरघरीतूनबी ती हाक मला नीट ऐकू आली. मागून मारलेली हाक ऐकू यायचे माझे ते शेवटले दिवस. तवा कुणाला ठाऊक?

नांदेडला कापडाच्या गिरणीत मागावर लागलो. सगळे माग एकदम सुरू झाले की पायाखालची फरशी थरथरायची. शेजारच्या मागावर रहीमचाचा होता, जुना विणकर. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "कान में रुई डाल रे, नै तो बहिरा हो जाता." मी म्हणालो, "चाचा, आमच्यात कापूस मुडद्याच्या कानात घालतात. मी जिता हाय." चाचा हसला. "जिंदा है, इसीच वास्ते बोल रा हूँ!" मी काय ऐकतोय? न्हाई म्हणजे न्हाई.

त्या खात्यात हाक मारून उपयोगच नव्हता. ज्याला बोलायचं असेल तो समोर येणार, खांद्याला हात लावणार, ओठ मोठाले हलवणार. आम्ही ओठ वाचायचो. वस्तीतबी तीच सवय. नळाला पाणी आलं तर बायका गल्लीच्या त्या टोकाहून हातानंच सांगायच्या. त्यामुळं कान गेले ते मला कळलंच न्हाई.

कळलं ते गावाला. लातूरचा नवा जिल्हा झाला त्या सालच्या उन्हाळ्यात थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, पोरीचं लग्न होतं. आदल्या सांजेला ओट्यावर बसून बायकोला म्हणालो, "किती रातकिडे वरडून राहिलेत. पाऊस जवळ आला वाटतं." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. म्हणाली, "कुठं वरडतेत? पाचोळाबी हालत न्हाई." किडा माझ्या कानात होता. आजबी हाय.

दुसऱ्या दिवशी मांडवात मी आचाऱ्याशी बोलत उभा होतो. पाठीमागं अण्णा, नवरीच्या चुलत्याचा म्हणजे माझा मानाचा फेटा हातात घेऊन, मला हाका मारत होता. एक न्हाई, चार. सारा मांडव बघतोय आन मी पाठ फिरवून उभा. शेवटी त्यानं फेटा खाली ठेवला. "नांदेडला जाऊन माजला," असं पावणे म्हणाले. हे सारं मला बायकोनं मागनं सांगितलं. "जाऊन सांगा की, ऐकू येत न्हाई म्हणून."

मी गेलो न्हाई. बहिऱ्यापरीस माजोरी बरा, असं वाटलं. अण्णानं बोलणं टाकलं. पुढं बाप गेला, त्या दिवसकार्यातबी आम्ही दोघं तोंडं फिरवून बसलो.

लई वर्षांनी अण्णा नांदेडला आला, भांडायलाच. मी दारात, गल्लीच्या तोंडाकडं पाठ करून, कांदे निवडत होतो. तो मागून वरडला, वरडला, शेवटी लाल झाला. समोरच्या शेजारणीनं त्याला हातानंच खूण केली, पुढं जा, पुढं. ही खूण मलाबी दिसली, म्हणून मान वर केली, तर अण्णा समोर. त्यानं माझ्या खांद्याला हात लावला आन तोंड हे एवढं उघडून म्हणाला, "बहिरा हायस व्हय रं?"

"हाव," मी म्हणालो. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"मग सांगायचंस की, गाढवा! मला वाटलं माजलास."

"तेबी खोटं न्हाई."

अण्णा हसायला लागला. आवाज मला आला न्हाई, पोट हालताना दिसलं. जाताना म्हणाला, "फेटा पेटीत हाय. येऊन बांधून घे." गेलो, आन बांधून घेतला.

गावाकडची पोरं आता लातूरला डाळ मिलवर, खडी क्रशरवर जातात. कानात घालायला रबरी बुचं मिळतात म्हणे. घाला रे बाबांनो, जित्या माणसासाठीच हाईत ती.

मला कुणी गाव विचारलं की आधी उस्मानाबाद जिल्हा सांगायचो, मग लातूर सांगायला लागलो. राहतो नांदेडला. पण जिथलं माणूस आधी पुढं येतं आन मग तोंड उघडतं, ते माझं घर. अण्णाचे गुडघे आता चालत न्हाईत. गावाला गेलो की तरीबी काठी टेकत, ओट्याला वळसा घालून माझ्यासमोर येतो, शिव्या देत. एकूण एक शिवी मला त्याच्या ओठांवर दिसते.