पडवीतलीला कारण मिळालं

घाटकोपरला भटवाडीच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी मशीन लावून ब्लाउज शिवणाऱ्या सुलक्षणा मेस्त्रीला भुताचे सिनेमे मुळीच आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गेल्या महिन्यापासून सगळं जग तिला भुतांची चाहती समजून बसलंय. तिला भुताचा एकच सिनेमा आवडतो. त्याचं नाव 'पडवीतली'.

तो लागला तेव्हा ती नवी नवरी होती. दशरथने हौसेने नेलं होतं. शहरातलं एक कुटुंब कोकणातल्या रिकाम्या घरात राहायला येतं, आणि त्या घराच्या पडवीत एक बाई बसलेली असते. पाठमोरी. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि ती खडे निवडतेय. बस, एवढंच. ती कुणाचा गळा धरत नाही, किंचाळत नाही. भटजी येतो, मांत्रिक येतो, पोलीस पाटील येतो. सगळे विचारतात, बाई गं, तू कोण, तुला काय हवंय? ती मान वळवत नाही. शेवटी ते कुटुंबच गाशा गुंडाळून निघून जातं आणि बाई तांदूळ निवडत राहते. दिवे लागले तेव्हा लोक एकमेकांना धरून थिएटराबाहेर पडले. दशरथ घरी येऊन देवासमोर बसला. सुलक्षणा मात्र पोटभर जेवली. एखादी बाई नुसती बसून राहिली, काही बोललीच नाही, तर सगळ्यांची अशी तंतरते, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

ते तिने मनात ठेवलं, आणि बऱ्याच वर्षांनी ते कामाला आलं.

मेस्त्र्यांचा गणपती गावच्या घरी, कणकवलीच्या पुढे. मुंबईतला कोकणी माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचेल, पण गणपतीला गावी जाणार म्हणजे जाणार. सुलक्षणाही दरवर्षी जायची. मग एका भाद्रपदात बॅगा खाली गेल्या, गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला, आणि सुलक्षणा खुर्चीतून उठलीच नाही.

"मी येत नाही," ती म्हणाली.

"बरं नाहीये काय?" दशरथने विचारलं.

"बरी आहे."

"मग?"

"मग काही नाही."

तेव्हापासून ती गेली नाही. दरवर्षी सगळे जातात, ती मशीनवर कापड टाकते, शिवणाचं एकही काम घेत नाही आणि खिडकीत बसून राहते. बरं वाटतं. एकदा तर गणपतीत ऑम्लेट करून खाल्लं. खोटं कशाला बोला.

खरी गंमत पुढेच झाली. तिने कारण सांगितलं नाही, म्हणून जो तो आपापलं कारण शोधायला लागला. दशरथला वाटलं, मोदकाची उकड फाटली तेव्हा आपण चार माणसांत हसलो, ते हिला लागलं. तो आपला कप आपण विसळू लागला. गावच्या थोरल्या जावेला, रत्नप्रभाला वाटलं, सासूबाईंचा तांब्याचा हंडा आपण ठेवून घेतला त्याचा हा राग. ती दर मे महिन्यात न चुकता आमसुलं आणि कुळथाचं पीठ पाठवू लागली. गावात कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं नवस. सुलक्षणा सगळं ऐकायची आणि गप्प बसायची. तिचा घरात जो काही दरारा होता, तो या गप्प बसण्याचा होता. ती एरवी काही फार मोठी लागून गेली नव्हती.

अशात बातमी आली की 'पडवीतली'च्या आधीची गोष्ट सांगणारा नवा सिनेमा येतोय. नाव, 'पडवीतली : आरंभ'. ती कोण होती, का बसली, सगळं उलगडणार.

जुन्या सिनेमाच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. स्वतःला पडवीकर म्हणवतात. सुलक्षणा त्यात एकुलती एक काकू. ग्रुप चालवणारा नंदकिशोर मुलुंडला राहतो आणि बाईने कितव्या प्रसंगात कुठला हात हलवला हे झोपेतून उठवलं तरी सांगतो. बातमी येताच पडवीकर नाचायला लागले. सुलक्षणाने एकच ओळ टाकली, "कशाला?" तिला कुणी उत्तर दिलं नाही. फुलं आणि टाळ्यांची चित्रं मात्र पुष्कळ आली.

सिनेमा श्रावणात लागला. ती सुनेला, दीप्तीला घेऊन मॉलमध्ये गेली. आणि तिथे जे पाहिलं त्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पडवीतलीचं नाव म्हणे चंद्रा. नवरा मुंबईत गिरणीत. 'गणपतीला येतो' म्हणून गेला तो आलाच नाही. चंद्रा वाट बघत पडवीत बसली, बसल्या बसल्या मेली. मग एक देखणा तरुण येतो, कागदपत्रं धुंडाळतो आणि तिला सांगतो की तुझा नवरा फसवा नव्हता गं, येताना घाटात त्याला अपघात झाला. हे ऐकून पडवीतली रडते. आणि वळते! जिने भटजीला, मांत्रिकाला, पाटलाला तोंड दाखवलं नाही, ती वळून ढसाढसा रडते, हात जोडते आणि धुरासारखी विरून जाते. पडवी रिकामी. मागे बासरी.

पुढच्या रांगेतल्या पोरी नाक पुसत होत्या. "बिचारी यार," एक म्हणाली.

"बिचारी?" सुलक्षणा एवढ्या मोठ्याने म्हणाली की दीप्तीने तिचा हात धरला. "अगं, तिला बघून माणसं रात्रभर झोपत नव्हती!"

बाहेर पडल्यावर दारात एक मुलगी माइक घेऊन उभी होती आणि तिचा जोडीदार मोबाइलवर चित्रण करत होता. हल्ली प्रत्येक सिनेमागृहाच्या दारात असे कुणीतरी असतात.

"काकू, कसा वाटला पिक्चर? झकास ना?"

दीप्ती म्हणत होती, "आई, चला." आई कुठली चालते!

"वाट लावली," सुलक्षणा म्हणाली. "पार वाट लावली. काय गरज होती? ती बसली होती ना, बसू द्यायची. तुमचं काय खात होती? म्हणे नवरा आला नाही म्हणून बसली! बाई बसली की नवऱ्यासाठीच बसणार काय? तिला बसायचं होतं, ती बसली. आधी सगळे टरकून होते तिला. आता कारण सांगितलंत, झालं, लगेच तिला उठवून लावलीत. ज्याने हे लिहिलंय ना, त्याला म्हणावं, स्वतःच्या घरात विचार, तुझी आई दुपारी का बसते!"

"ओ माय गॉड, काकू!" ती मुलगी आनंदाने किंचाळली.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या मुंबईने ते पाहिलं असावं. कारण भाजीवाल्यापासून ब्लाउजच्या गिऱ्हाइकांपर्यंत जो तो म्हणू लागला, "वहिनी, काय बोललात!" सुरुवातीला तिला बरं वाटलं. पडवीकरांत दोन तट पडले. एक तट म्हणाला, काकू बरोबर, तिने वळायलाच नको होतं. दुसरा म्हणाला, काकूंना नव्या काळाचा सिनेमा कळत नाही. नंदकिशोरने तर बाईचा चेहरा दाखवल्याचा निषेध म्हणून ग्रुपवर काळा चौकोन लावला. सुलक्षणाला वाटलं, चला, कुणाला तरी कळलं.

कसलं काय. दोन-चार दिवसांत सिनेमा राहिला बाजूला, आणि लोक तिच्याच मागे लागले. एवढी का चिडली ही बाई? हिच्या आयुष्यात नक्कीच काहीतरी घडलंय. हिचा नवरा सोडून गेला असणार. कुणी तिचा फोटो पोस्टरवर चिकटवला आणि खाली लिहिलं, 'काकू : आरंभ'. शेवटी नंदकिशोरनेही वेगळा मेसेज केला, "काकू, राग मानू नका, पण काही पर्सनल आहे का? मोकळं बोला, बरं वाटेल."

तिने मोबाइल उशीखाली कोंबला. हाच तो माणूस, ज्याने त्या काळ्या चौकोनाखाली लिहिलं होतं की काही गोष्टी न कळण्यातच खरं भय असतं. सिनेमातल्या बाईला ती सवलत होती, भटवाडीतल्या बाईला नव्हती.

रविवारी दुपारी गावाहून रत्नप्रभाचा फोन आला. सौरभने, मुलाने तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. सगळे घरातच होते.

"गो सुलक्षणा," रत्नप्रभा रडवेल्या आवाजात म्हणाली, "त्या हंड्यावरसून राग आसात तर हंडो घेवन जा. पण असा जगासमोर बोलां नको."

"हंड्याचं नाही वहिनी," दशरथ मध्येच म्हणाला. "माझंच चुकलं. मी उकडीवरून हसलो होतो."

"बाबा, उकड नाही हो," सौरभ म्हणाला. "मला वाटतं आजी गेल्यावर आईला तिथे करमत नाही."

"आईंना तिकडे कुणीतरी काहीतरी बोललं असणार," दीप्ती म्हणाली. "त्या सांगत नाहीत, पण मला कळतं."

चौघं मिळून तिची गोष्ट लिहीत होते, आणि ती समोर बसली होती. डोकं भणभणलं तिचं. इतकी वर्षं जपलेलं तोंड सुटलं.

"अरे गप्प बसा सगळे! हंडा नाही, उकड नाही, कुणी काही बोललं नाही! कंटाळा आला होता मला! घरभर माणसं, सकाळपासून नारळ खवा, मोदक वळा, रात्री भजनवाल्यांना उसळ-पाव आणि चहा. हात भरून यायचे. त्या वर्षी नाही उठावंसं वाटलं. म्हणून नाही उठले. झालं समाधान?"

क्षणभर तिला फार हलकं वाटलं, खोटं नाही.

"एवढंच?" सौरभने विचारलं.

"एवढंच."

"मग आधी नाही का सांगायचं!" सौरभ खुर्ची ओढून टेबलाशी बसला. "काकी, आपल्या वाडीतला लहू केटरिंग करतो ना? पाचही दिवस त्यालाच सांगूया. मोदक, उसळ, सगळं."

"आजच सांगतंय," रत्नप्रभाचं रडणं केव्हाच थांबलं होतं. "आणि नारळ खवूचा मशीन तर हडे आमच्या घरात असा."

"मी तिचं तिकीट बघतो," दशरथ उठला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद तिने फार वर्षांत पाहिला नव्हता. जाता जाता त्याने आपला चहाचा कप तिच्यासमोर ठेवला, विसळायला.

चहा निवायच्या आत सगळं ठरलं. आचारी ठरला, गाडी ठरली, कुठे झोपायचं तेही ठरलं. एवढ्या वर्षांचा तिचा किल्ला असा एका दुपारी गेला, तोही तिने स्वतःच दार उघडून दिलं म्हणून. त्या सिनेमावाल्यांना ती ज्यासाठी शिव्या घालत होती, तेच तिने स्वतःच्या बाबतीत केलं होतं. संताप संताप झाला तिचा, पण धरायचं कुणाला? सगळे तिचं भलंच करत होते.

"आई, तुम्ही तिकडे काडी इकडची तिकडे करायची नाही," दीप्ती मायेने म्हणाली. "पडवीत मस्त खुर्ची टाकून देऊ. तुम्ही नुसतं बसायचं."

"मी येत नाही," सुलक्षणा म्हणाली.

"आता काय झालं? आता तर काही कारणच नाही."

त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. पूर्वीही नव्हतं, पण पूर्वी ते कुणाला माहीत नव्हतं. ती उठली, खिडकीशी गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून मशीनसमोर बसली. पूर्वी ती अशी बसली की घरात भांडंसुद्धा जपून वाजायचं.

ती वाट बघत राहिली. मागे सौरभ खुदकन हसला.

"बघा, आली पडवीतली," तो म्हणाला, आणि दशरथही हसला, दीप्तीही हसली.

"हसा नको रे तिका," टेबलावरून रत्नप्रभाचा आवाज आला. "इतकी वर्सा कोणाक बोलाक नाय ती. बिचारी गो!"