केसातली क्लिप

दवाखान्यात माझ्या केबिनच्या दाराशी वजनकाटा आहे. त्यावर चढण्याआधी चपला सगळेच काढतात. आज आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीने घड्याळही काढलं, मग केसातली क्लिप काढून आईच्या हातात दिली. क्लिपचं वजन ते किती! पण या वयात जे उतरवता येत नाही, त्याच्या बदल्यात पोरी असं काहीबाही उतरवून ठेवतात.

वजनाचा विषय काढण्याआधी मुलांची परवानगी घ्यावी, हे मी नुकतंच प्रशिक्षणात शिकले होते. मी तशी परवानगी विचारणार, तेवढ्यात नर्सने सवयीने आकडा मोठ्याने सांगितला, मी केसपेपरवर लिहावा म्हणून. बाहेरच्या बाकावर कुणीतरी हसलं.

मी विचारलं, "आपण वजनाबद्दल बोलूया का?"

"आता काय, सगळ्यांनी ऐकलंय," ती म्हणाली, आणि आईकडून क्लिप घेऊन केसात लावू लागली. ती काही केल्या लागेना.