मोळीच्या मुहूर्ताला वाढवलेला वेग

एकानंबी माझ्यावर विश्वास ठेवला न्हाई! साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममधी झाडलोट आन् चहा करता करता किस्से साठत गेले, पाचटाच्या ढिगावानी. पन लाईनीचा किस्सा काढला की आजबी म्हनतात, "शांताबाई, तिखटमीठ लावू नगंस!" घ्या, बिनमिठाचा सांगते.

*

श्रीगोंद्याच्या आमच्या कारखान्यातनं शेवगावच्या ऑफिसात उसाची वजनं जायची. कॉम्प्युटरवरनं माहिती धाडायला फ्रेम रिले नावाची भाड्याची लाईन हुती. हंगामाची पयली मोळी टाकली आन् चेअरमन अण्णासाहेब लई खूश! "लाईनीचाबी वेग वाढवा!" मॅनेजर गाडेसाहेबांनी लाईनीच्या मशिनीला हार घातला. अण्णासाहेबांनी सोताच्या हातानं वेगाचा सगळ्यात मोठा आकडा दाबला. शेजारी मी, पेढ्यांचं ताट घिऊन. टाळ्याच टाळ्या!

*

तवापास्नं दुपारी ढीगभर वजनं पाठवली की लाईन बसायची. गाडेसाहेब वरडले, "शांताबाईचा पोछा वायरीला लागतोय!"

म्या म्हनलं, "पोछा सकाळी, लाईन बसती दुपारी! मुहूर्तापास्नंच बिघडलीया ती."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

*

मग पोछाच बंद! खोलीत ही धूळ, साहेब शिंकून बेजार, आन् लाईन? बसलेलीच! तरीबी म्हनतात, "वायर आधीच दुखावली असंल. तू उद्यापास्नं येऊ नगंस."

माझी चूल ह्या पगारावर. म्या म्हनलं, "आधी इंजिनियर आना, मंग मला काढा!"

*

नगरहून इंजिनियर मॅडम आल्या. बघताच हसल्या. "लाईनवाल्यांची हमी थोड्याच वेगाची आहे. तुमचं हे मशीन धो धो पाठवतं. पुढं गर्दी असली की जादाचा माल ते टाकून देतात."

"ट्रॉली शिगोशीग भरली की रस्त्यात ऊस सांडतो, तसं?"

"अगदी तसंच, मावशी! सांडलेलं परत पाठवायचं, की अजून गर्दी. हमीएवढंच सोडा, बाकी आपल्याच दारात थांबवा."

"गेटवरचा वॉचमन येकयेक ट्रॅक्टर सोडतो तसं!"

मॅडमनी आकडा उतरवला. वजनं सुरळीत शेवगावला!

*

तेवढ्यात अण्णासाहेब आले, पाठीमागं चारचौघं. "सापडला का दोष? कुनी घातला हुता हा येडा आकडा? आत्ताच्या आत्ता घरी घालवतो त्याला!"

मॅडमनी गाडेसाहेबांकडं बघितलं. गाडेसाहेबांनी पंख्याकडं.

म्या चहाचं ताट टेबलावर ठेवलं, पदर खोचला. "नाव सांगू? अण्णासाहेब."