वातीवर चिमूटभर मीठ

माझ्याकडे स्पिरिटवर चालणारे नऊ जुने स्टोव्ह आहेत. सगळे पितळी आणि सगळे चालू. शोकेसमध्ये मांडायला मी ते गोळा केलेले नाहीत. रिटायर झाल्यापासून दुपारचा चहा अंगणात त्यांतल्याच एकावर होतो. आमचे यजमान याला भातुकली म्हणायचे, पण चहाला वेळेवर हजर असायचे.

मागच्या उन्हाळ्यात मला वाटलं, स्टोव्ह विझला. सोलापूरच्या उन्हात स्पिरिटचा निळा जाळ दिसतच नाही. भरायला म्हणून मी बाटली कलती केली आणि भडका उडाला. यांनी धावत येऊन पेटती बाटली माझ्या हातातून हिसकावून लांब फेकली. त्या झटापटीत स्टोव्ह उलटला. मला साधा चटकाही बसला नाही, यांचा उजवा हात मात्र मनगटापर्यंत भाजला. शेजाऱ्यांच्या गाडीवरून ते दवाखान्यात गेले, रोजचं ड्रेसिंगही तिथेच करून घेत राहिले. जखम भरली, पण यांनी दुपारचा चहा सोडला. हे सगळं भंगारात घाल, असं एकदाच म्हणाले.

मीही हट्टाला पेटले. चूक स्टोव्हची नव्हती, माझी होती, आणि ती मी सुधारणार होते. यांना त्याच अंगणात पुन्हा चहा पाजल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते. नऊपैकी एक स्टोव्ह मोहोळच्या निवृत्त नर्सबाईंचा. त्या त्यावर इंजेक्शनच्या सुया उकळायच्या. एसटीने त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, उन्हात तुम्हाला जाळ कसा दिसायचा?

बाई म्हणाल्या, "वातीवर चिमूटभर मीठ टाकायचं की. पिवळा जाळ दिसतोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिठाने ज्योत पिवळी होते, हे शाळेत दरवर्षी मीच तर मुलांना करून दाखवायचे.

चार दिवस एकटीने सराव केला. रविवारी भर दुपारी यांना जवळजवळ दटावून अंगणात बसवलं. मीठ टाकलं, काडी लावली. पिवळाधमक जाळ. झाकण ठेवून विझवला, पितळ गार होऊ दिलं, मगच स्पिरिट भरलं आणि पुन्हा पेटवला. चहाचं आधण चढवलं आणि म्हटलं, "आता दिसतोय ना?"

यांनी वाकून जाळ पाहिला. मग म्हणाले, "दिसतोय की. पन मी जाळाला भ्यालो न्हाय. त्या दिवशी माझा हात भाजला, आन् तू आदी फडक्यानं स्टोव्ह उचललास."

स्पिरिट पसरू नये म्हणून उचलला, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण ते खोटं होतं. पितळेला पोचा आला का, ते मी बघत होते.

आधणाला नुकती उकळी फुटत होती. मी भांडं उतरवलं, जाळ विझवला, यांच्याजवळ जाऊन बसले आणि तो हात पहिल्यांदा माझ्या हातात घेऊन नीट पाहिला. करंगळी अजून पुरती मिटत नव्हती.