उंबऱ्याबाहेरचा व्हॅम्पायर

माझी आत्या इस्त्रीवाली. साप्ताहिकात व्हॅम्पायरची मालिकाही तीच लिहायची, पण टेबलाशी बसून नाही. इस्त्री करता करता मोठ्याने गोष्ट सांगायची. आतोबा व्हॅम्पायर व्हायचे, मी त्यांची शिकार. माझा जीव वाचला की प्रकरण जमलं.

मग नवे संपादक आले. त्यांचा फोन आला, "हे उन्हात जळणं, आरशात न दिसणं, बोलावल्याशिवाय घरात न शिरणं, सगळं जुनं झालं. व्हॅम्पायरला कशाचीच भीती नको. जमत नसेल तर मालिका बंद."

आत्याने करून पाहिलं. पहिल्या शर्टाची कॉलर होते न होते तोच आतोबांनी माझी मान धरली.

"मेलीस तू. जा, चहा टाक," आत्या म्हणाली.

दुसऱ्यांदाही मेले, तिसऱ्यांदाही. ज्याचं कुठेच अडत नाही त्याची गोष्ट पुढे सरकणार कशी? आतोबासुद्धा कंटाळले. आत्याचा मात्र पारा चढला. जन्मभर ती लोकांच्याच कपड्यांना इस्त्री करत आली होती. तिचं स्वतःचं असं ही मालिका तेवढी होती. तिने निरोप पाठवला: लिहिणार नाही.

संपादक स्वतःच आले, भर दुपारी, मालिका बंद करायला. दार सताड उघडं होतं. ते उंबऱ्याबाहेर उन्हातच थांबले.

"आत येऊ का?"

आत्याने इस्त्री उभी केली. "दार उघडंच आहे की. विचारता कशाला?"

"असं कसं? न विचारता लोकांच्या घरात शिरायचं?"

"तुम्हाला जमत नाही, मग माझ्या बिचाऱ्या व्हॅम्पायरने का शिरावं?"

संपादकसाहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मला तर नाचावंसं वाटलं!

"साहेब, माझं घर केवढंसं. पण मी 'या' म्हणेपर्यंत भल्याभल्यांना बाहेर थांबावं लागतं. माझ्या गोष्टीतल्या माणसांकडे तेवढंच बळ आहे. ते काढून घेतलंत, तर त्यांनी लढायचं कशाच्या जोरावर?"

एवढं बोलून ती पुन्हा इस्त्री फिरवू लागली. 'या' काही म्हणाली नाही. आतोबा गालात हसत होते.

"बरं," साहेब शेवटी म्हणाले, "उंबरा राहू द्या."

"आरसा?"

"तोही."

"आणि ऊन?"

साहेबांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. "ऊन तर राहू द्याच हो, बाई! मालिका चालू, सगळं तुमच्या मनासारखं."

आत्याने हातातला शर्ट सावकाश घडी घालून ठेवला.

"या," ती म्हणाली.