सहा अक्षरांत न मावलेले आप्पा

"आधी जेवलात का ते सांगा. भाव काय पळून चाललाय?"

फोन उचलल्यावर आप्पांचं पहिलं वाक्य हे. समोरचा चाकूरचा असो की मुरुडचा, जेवणाचा निकाल लागल्याशिवाय आप्पा सोयाबीनचा भाव सांगत नसत. कुणी घाईत 'जेवलो जेवलो' म्हणालं तर म्हणायचे, "खोटं. उपाशी आवाज मला कळतो." मग तो माणूस गपचूप कबूल व्हायचा. आवाजातल्या भुकेची आप्पांना इतकी पारख होती, की फोनवरून ते भाजी कशाची होती तेही सांगत. हे मी थोडं वाढवून सांगतोय. भाजी नाही, फक्त भाकरी ज्वारीची होती की गव्हाची पोळी होती, एवढंच ते सांगत.

लातूरच्या मार्केट यार्डात आप्पांचं आडतीचं, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून द्यायचं, दुकान होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा, आणि अंगाच्या मानानं दुप्पट आवाज. पोटलीत बांधून आणलेल्या मालाच्या नमुन्यावर सौदा लागला की आप्पा भाव पुकारायचे. त्या पुकाऱ्यानं औशातल्या दुकानांच्या फळ्या हलत, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. हसू द्या. यार्डाच्या पार टोकाला ट्रॅक्टरखाली झोपलेला माणूस भाव ऐकून उठून बसलेला मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

सौदा झाला की आप्पा गादीवर बसून आपल्या एकेका शेतकऱ्याला फोन लावत. आधी जेवण, मग म्हैस, मग पोरं, सगळ्यात शेवटी भाव. तासाभराच्या कामाला दुपार व्हायची. शेजारचे आडते म्हणत, "आप्पा, तुमचं आडत दुकान हाय का सोयरिकीचं?" आप्पा म्हणत, "तुमचं नुसतं दुकान हाय, म्हणून रिकामं हाय."

आता मी यात कुठून आलो? मी मूळचा मुदखेडचा, आणि लातुरात झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत माझा मेसेजचा धंदा आहे. तुमच्या मोबाईलवर बँकेचे, शाळेचे मेसेज येतात आणि वर नंबराऐवजी नाव दिसतं ना, ते नाव कुणालाही असंच लावता येत नाही. मोबाईल कंपनीकडे दुकानाचे कागद देऊन ते नोंदवावं लागतं. कंपनीनं ते मंजूर करावं लागतं. मेसेजचा मजकूरसुद्धा आधी दाखवून पास करून घ्यावा लागतो. ही खटपट करून देणारा मी लातूरमधला सर्वांत नामांकित माणूस, असं मीच माझ्या पाटीवर लिहून ठेवलंय.

एका दुपारी आप्पा माझा जिना चढून वर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मुदखेडकर, दार लावा."

आप्पा हळू बोलले, तिथंच मी घाबरलो.

"नांदेडच्या डॉक्टरनं गळा बघितला. गाठ हाय. जीव वाचंल म्हनला. आवाज न्हाई."

मी पाणी दिलं. त्यांनी ते माझ्यापुढंच सरकवलं. बहुतेक माझा चेहरा त्यांच्यापेक्षा जास्त पडला असावा.

"यार्डात कुणाला बोलू नका. हंगाम तोंडावर हाय. आप्पाचा गळा गेला म्हनल्यावर माझी माणसं दुसऱ्याच्या दारात जातील. जाऊ न्हाई तर काय करतील? मुक्या माणसाला फोन लावून काय करायचं?" मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "तुम्ही लोकांचे मेसेज धाडता म्हणं. माझ्या नावानं भाव जाऊ द्या. ऑपरेशनच्या आधी मंजूर करून आणा. गळा गेला तर गेला, माणसं जायला नको."

मी म्हटलं, "आप्पा, साध्या मोबाईलवरून पाठवू की."

"साधा नंबर कोण वाचतंय? लॉटरी लागली, लाईट तोडणार, असल्या मेसेजात माझा भाव जाईल. आन् लई जणांकडं अजून बटनाचे फोन हायत. नाव दिसाय पायजे, नाव."

पहिला घोटाळा नावाचाच झाला. कंपनी नावाला फक्त सहा इंग्रजी अक्षरं देते, आणि आप्पांच्या पाटीवर आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, पुढे देवाचं नाव आणि शेवटी 'आणि कंपनी' होतं. हे सगळं मावायला मोबाईलला पंधरा फुटी फळी लावावी लागली असती.

"मग देव काढा," मी म्हणालो.

"देव काढू? तुमच्या खोलीत बसून?"

"मग वडील?"

"बापाला खाली उतरवू?"

आप्पांना मी सुचवलं की नुसतं 'आप्पा' ठेवू. कंपनीच्या पुण्याच्या हपिसातल्या मुलीनं फोनवर विचारलं, "आप्पा म्हणजे कोण? दुकानाच्या कागदांवर असं नाव नाही. पुरावा लागेल." मी म्हटलं, "बाई, लातूरमधल्या कुठल्याही बैलाला विचारा." बैलाची साक्ष त्यांना चालत नव्हती. नाव दुकानाच्या नोंदीशीच जुळायला हवं, असा नियम. शेवटी आप्पा बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले आणि म्हणाले, "आज्यानं दुकान काढलं. बापानं वाढवलं. म्या नुसता वरडलो. आज्याचं नाव घाला." आजोबांचं नाव सहा अक्षरांत बरोबर बसलं. त्यांना वारून तोवर एक जमाना झाला होता.

दुसरा घोटाळा मजकुराचा. आप्पांनी सांगितलेला मजकूर असा: 'जेवलात का? म्हैस कशी हाय? आज सोयाबीन इतके रुपये. घाई करू नका.' यात 'इतके'च्या जागी रोजचा आकडा भरायचा. कंपनीनं तो परत पाठवला. शेरा होता, संदेशाचा उद्देश स्पष्ट नाही. आम्ही म्हैस काढली. पुन्हा परत. मी त्या मुलीशी इतका भांडलो की झेरॉक्सवाल्यानं खालून मशीन बंद केलं आणि ऐकत उभा राहिला. ती बिचारी शेवटी म्हणाली, "सर, माझ्या घरचं कुणी मला रोज जेवलीस का विचारत नाही. मलाही हे पास करावंसं वाटतंय. पण भावाच्या मेसेजमध्ये फक्त भाव चालतो."

मी आप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तिला म्हनावं, जेवून घे." आणि मजकुरावर बोट ठेवून म्हणाले, "काढा. नुसता भाव ऱ्हाऊ द्या. ह्याला तोंड हाय, पोट न्हाई. चालायचंच."

नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी गादीवर बसून प्रत्येक शेतकऱ्याला फोन लावला. मार्केट बंद होतं, भाव नव्हताच. "उगंच केला," म्हणत होते. "आवाज ऐकावा वाटला." कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. मी पायरीवर बसून होतो. त्यांचा घसा बसत चालला तरी फोन थांबेना. शेवटी आक्कांनी, त्यांच्या बायकोनं, हातातला फोन काढून घेतला आणि त्यांच्यापुढं दुधाचा पेला ठेवला.

नाव मंजूर झाल्याचं मला कळलं तेव्हा आप्पा दवाखान्यात होते. मी आक्कांना फोन केला. त्यांनी आप्पांच्या कानाला लावला. मी ओरडलो, "आप्पा, मंजूर!" पलीकडून आप्पा म्हणाले, "बरं झालं, मुदखेडकर. आता ऑपरेशनला न्हेऊ द्या मला." त्यांचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

पुढचे काही आठवडे आप्पा देवाला गेलेत, असं दुकानातून सांगितलं जात होतं. मग एके सकाळी गळ्याला पट्टी बांधलेले आप्पा माझ्याबरोबर गादीवर येऊन बसले. पोटलीचा सौदा झाला, आकडा आला. मी मोबाईलवर तो भरला आणि बटण त्यांच्यापुढं धरलं. आप्पांनी ते दाबलं. मला हसून मान हलवली. किती सोपं झालं, असं त्यांना म्हणायचं असावं.

सोपं कसलं! दोन तासांत यार्डात जीप, टमटम, मोटारसायकली शिरल्या. माल एकाकडेही नव्हता. माणसं उतरून आप्पांच्या दुकानाकडं धावत होती. गर्दी इतकी झाली की बाजार समितीला वाटलं मोर्चा आला. सगळ्यांत पुढं चाकूरचे माणिकतात्या. त्यांच्या हातात हार होता. दारात आले, गादीवर आप्पांना बसलेलं बघितलं आणि हारासकट खाली बसले.

"हायत की!" एवढंच म्हणाले, आणि रडायला लागले.

झालं होतं ते असं. आप्पांनी बिनकामाचा फोन करून ख्यालीखुशाली विचारली, मग कितीतरी दिवस फोन नाही, आणि मग एका सकाळी आप्पांच्या मेलेल्या आजोबांच्या नावानं नुसता भाव आला. जेवलात का नाही, म्हैस नाही. माणसांनी सरळ हिशेब केला, की आप्पा गेले.

"आज्याच्या नावानं मेसेज!" तात्या डोळे पुसत मला म्हणाले. "दुखवट्याच्या कार्डावर मेलेल्याचं नाव असतंय तसं. आमाला काय कळणार? आन् आप्पा असते तर जेवलात का न विचारता भाव सांगितला असता का?"

मग मी पट्टीकडं बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं.  आप्पा खाली बघत होते. ज्या गोष्टीची भीती होती, ती उघडी पडली होती. आता ही माणसं उठून जातील, याची वाट बघत असल्यासारखे ते बसले होते.

तात्यांनी हार बघितला. कुठं घालावा ते त्यांना समजेना. शेवटी त्यांनी तो वजनकाट्याच्या खुंटीवर अडकवला आणि विचारलं, "म्या मेसेजला 'बरं' म्हणून लिहिलं तर जातच न्हाई. का?"

मी म्हटलं, "असल्या नावाच्या मेसेजला उत्तर देता येत नाही, तात्या. एकाच बाजूनं जातं."

हे आप्पांना माझ्या खोलीतही मी सांगितलं होतं. तेव्हा ते त्यांच्या डोक्यात शिरलं नसावं. आता त्यांनी मान वर केली. मोबाईलवर हळूहळू टाईप करून तात्यांपुढं धरलं: मग तुमचं मला कसं कळायचं?

तात्यांनी ते वाचलं, मोठ्यानं नाक ओढलं आणि म्हणाले, "त्यात काय, आप्पा? तुमी भाव टाका, आमी फोन करतो. तुमी बोलू नका, आमीच बोलू. आजवर तुमी आमाला बोलू कुठं दिलंय?"

सगळं दुकान हसलं. आप्पाही हसले, फक्त खांद्यांनी.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका दुपारी. भाव गेला होता. मोबाईल गादीवर स्पीकर लावून ठेवलेला, आणि त्यातून माणिकतात्या बोलत होते. माल अजून ओला आहे, वाळू देतो, उद्या आणत नाही. धाकट्या नातीला ताप होता, उतरला. दुपारी पिठलं खाल्लं. आप्पा मोबाईलकडं बघून प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते, तात्या समोरच बसल्यासारखे. मग तात्यांजवळचं सगळं संपलं. पलीकडं विहिरीवरच्या मोटारीचं पाणी पडल्याचा आवाज येत राहिला.

"ठेवू का मग, आप्पा?"

आप्पांनी नकाराची मान हलवली.

थोडा वेळ नुसतं पाणी. मग तात्या म्हणाले, "बरं. न्हाई ठेवत."