'आपण' म्हणजे किती जण

२३ जून. बारावीच्या चित्रपटनिर्मितीच्या वह्यांचे गठ्ठे बांधून कपाटात टाकायचे होते. निकालानंतर परत आलेल्या या वह्या शाळेने वर्षभर सांभाळायच्या असा मंडळाचा नियम आहे. परीक्षा विभाग माझ्याकडे असल्यामुळे सुतळी, कात्री आणि यादी घेऊन मी बसले होते. एरवी हे काम रुक्साना करायची. रुक्साना इनामदार, आमच्या शाळेत नऊ वर्षं हा विषय शिकवणारी. ती एक जूनला गेली. सकाळी सात वाजता तिच्या भावाचा फोन आला, "बाई, रुक्साना गेली हो," आणि मी विचारलं, "कुठे?" इतका बिनडोक प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारलेला नाही.

हृदयविकार होता. दोन-तीन महिने जिना चढताना तिला धाप लागायची आणि तिची संकलनाची खोली तिसऱ्या मजल्यावर. मी म्हणायची, डॉक्टरांना दाखव. ती म्हणायची, "पित्त आहे गं. तुझ्या परीक्षा उरकल्या की दाखवते." परीक्षा उरकल्या. दाखवलं नाही. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावलेली आहे आणि ते लपवून हा लेख लिहिता येणार नाही.

शाळेत येण्याआधी नारायण पेठेतल्या एका माडीवर बसून तिने वीस वर्षं लोकांची लग्नं कापली. 'कापली' हा संकलनासाठी तिचाच शब्द. माझ्या लग्नाची चित्रफीत एकदा तिला दाखवली, तर शेवटपर्यंत बघून म्हणाली, "नवरा चांगला आहे. बाकी दोन तास काढून टाकता येतील." तिचं घराणं चार पिढ्यांपासून पुण्यातलं, माझं माहेर सांगलीचं. त्यामुळे माझ्या नोटिसांमधल्या शुद्धलेखनाच्या चुका ती लाल पेनाने काढायची आणि नोटीस पुन्हा फळ्यावर लावायची. मला 'परीक्षाबाई' म्हणायची. सगळ्यांसमोर.

आमची भांडणं बहुतेक मंडळाच्या पुस्तिकेवरून. पहिल्याच वर्षी तिने ती शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचली होती. तीन मिनिटांची फिल्म, तिला चाळीस गुण. उरलेले साठ कागदांना : दर आठवड्याची कामाची वही, वापरलेला प्रत्येक आवाज आणि चित्र कुठून आणलं त्याची यादी, आणि स्वतः नेमकं काय केलं याचं, म्हणजे सहभागाचं, निवेदन. शेवटच्या भागात उत्तीर्ण होणं सक्तीचं. "म्हणजे स्वयंपाकाला चाळीस आणि तो कसा केला ते सांगायला साठ," ती म्हणाली. मी नियमांची बाजू घेतली. आजही घेईन. एका वर्षी एका मुलाच्या फिल्ममध्ये ड्रोनने घेतलेली सिंहगडाची दृश्यं होती, आणि त्या मुलाला ड्रोन कुठल्या बटणाने उडतो हे सांगता येईना. काकांचा स्टुडिओ होता. कागद मागितले नाहीत तर असे सगळे काका बारावी पास होतील. हे तिलाही पटायचं. पण ती मुलांना सांगायची, "वही तुम्ही बोलता तशी लिहा. निबंध लिहिलात तर मी वाचणार नाही."

मयूरी वानखेडेने हे शब्दशः घेतलं. मयूरीचे आईवडील वाशीमकडचे, ती लहान असताना पुण्यात आले. वडील मार्केट यार्डात हमाल आहेत, आई तिथेच कोथिंबिरीच्या जुड्या निवडते. मयूरीने फिल्म त्या बायकांवर केली. स्वतःचा फोन, उसना माइक, मदतीला कोणी नाही. तीन मिनिटांत कोणी एक शब्द बोलत नाही, फक्त हात दिसतात आणि ओल्या जुड्या पोत्यावर आपटल्याचा आवाज येतो. रुक्सानाने मला ती फिल्म मुद्दाम वर बोलावून दाखवली होती. फिल्म संपल्यावर मी म्हटलं, छान आहे. ती म्हणाली, "छान नाही. बरोबर आहे. मला यातली एक चौकट काढता येत नाही." इतक्या वर्षांत तिने असं कशाबद्दल म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

मयूरी बोलताना 'मी' म्हणत नाही, 'आपण' म्हणते. पुण्यात हे नवीन नाही, कुठल्याही रिक्षा स्टँडवर ऐकू येतं. "आपण कुणाला घाबरत नाय, मॅडम," हे तिने मलाच एकदा ऐकवलं होतं. वहीतही तेच. 'आपण पाचलाच यार्डात गेलो. आपण फोन पोत्यावर ठेवला, चित्र हललं. दुसऱ्या दिवशी आपण परत गेलो.' चाळीस पानं अशीच. वही बाहेरगावच्या परीक्षकांकडे गेली आणि मेअखेर निकाल आला. सहभागाच्या भागात शून्य. शेरा : 'आपण म्हणजे किती जण? गटातील इतर सदस्यांची नावे दिलेली नाहीत. वैयक्तिक काम सिद्ध होत नाही.' एकटीने केलेलं काम चोरीचं ठरलं. विषय अनुत्तीर्ण म्हणजे संकलनाच्या पदविकेला प्रवेश मिळणार नाही, आणि मयूरीने दुसरीकडे कुठे अर्ज केलेलाच नव्हता.

तीस मेला दुपारी रुक्साना माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बसली नाही.

"हरकत पाठव."

"कारण काय लिहू? गुण पटले नाहीत हे कारण चालत नाही. शाळेची काही चूक झाली असेल तरच फेरतपासणी."

"मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. ही मुलगी स्वतःला आपण म्हणते, काम एकटीचं आहे. त्यांनी वाचलं नाही."

"पहिल्या पानावर काही नव्हतं. सगळ्या वह्या माझ्या हाताखालून गेल्यात."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"लिहायचं ठरवलं असशील. राहून गेलं असेल. तुझं असं होतं."

ती म्हणाली, "बरं परीक्षाबाई," आणि जिना चढायला लागली. मी मान खाली घालून काम पुढे चालू केलं. आमचं शेवटचं बोलणं ते.

शोकसभेत प्राचार्य म्हणाले की मॅडमनी विद्यार्थ्यांना नवी दृष्टी दिली. दोन मिनिटं उभं राहिलो, मग चहा झाला. मागच्या बाकावर मयूरी बसली होती, तिच्याकडे कोणी गेलं नाही. मीही गेले नाही. कपबशा उचलायला माणूस मिळत नव्हता, त्या मी उचलल्या. उपयोगाचं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

तर तेवीस जूनला गठ्ठे बांधता बांधता मयूरीची वही हातात आली. उघडली. खिडकीतून तिरपं ऊन पानावर पडलं होतं. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात कागद दबलेला दिसला. पान तिरकं धरलं. रुक्साना पेन्सिल दाबून लिहायची, टोकं मोडायची. शिसं गेलं होतं, पण खोबणी राहिली होती. 'ही स्वतःला आपण म्हणते. सर्व काम एकटीचे. – रु. इ.'

शिसं मीच घालवलं होतं. विद्यार्थ्याच्या वहीवर शिक्षकांची खूण नसावी असा नियम आहे. शिक्षकांना काही सांगायचं असेल तर ते वेगळ्या कागदावर लिहून जोडायचं. फेब्रुवारीत वह्या पाठवण्याआधी मी खोडरबर घेऊन सगळ्या वह्यांवरच्या पेन्सिलच्या खुणा पुसल्या होत्या. कानाला फोन होता, कुठल्याशा प्रवेशपत्राबद्दल बोलत होते. काय पुसतेय ते वाचलं नाही. वाचलं असतं तर एक कागद जोडायचा होता, दोन मिनिटांचं काम. नियमाचा पहिला अर्धा भाग मी पाळला, दुसरा पाळला नाही, आणि रुक्सानाला म्हणाले, तुझं असं होतं.

मला रडू वगैरे आलं नाही. संताप आला. तिचा आला, वेगळ्या कागदाचा नियम तिला नऊ वर्षांत वाचता आला नाही म्हणून. मराठी वही तपासायला बसून आपण किती जण असं विचारणाऱ्या त्या परीक्षकांचा आला. पण हे दोन्ही राग फार वेळ पुरले नाहीत.

चोवीस जूनला सकाळी आठला मी हरकतीचा अर्ज लिहून प्राचार्यांसमोर ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : शिक्षिकेने केलेला खुलासा परीक्षा विभागप्रमुख म्हणून मी न वाचता पुसला. प्राचार्यांनी चष्मा काढला.

"असं स्वतःहून कशाला लिहिता, बाई? इनामदार मॅडमकडून टीप जोडायची राहिली, असं लिहा ना. त्यांना आता तसा काही..."

"वाक्य पूर्ण करा, सर."

त्यांनी केलं नाही. सही केली. चौकशी लागेल, वेतनवाढ अडकेल, असं मात्र दोनदा सांगितलं. मी म्हटलं, लागू दे.

शाळेच्या फाटकाशी मयूरीला बोलावून घेतलं होतं. काय झालं ते तिला उभ्याउभ्या सांगितलं, माझं काय चुकलं त्यासकट. ती म्हणाली, "आपल्याला वाटलं, मॅडमनी लिहिलंच नसेल." मी म्हटलं, लिहिलं होतं. वहीचं ते पान तिरकं धरून तिला दाखवलं. तिने बोट फिरवून वाचलं. मग आम्ही रिक्षाने मंडळाच्या कार्यालयात गेलो.

संबंधित शिक्षकांच्या सहीच्या जागी मी 'निधन' असं लिहून खाली माझी सही केली होती. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"मॅडम, यात चूक तुमचीच दिसतेय."

"दिसतेय नाही, आहे," मी म्हटलं. "शिक्का मारा आणि आवक क्रमांक हिच्या हातात द्या."